पुण्याच्या मिसळलेल्या पाण्यावर सॉफ्टनर: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यावर

घरी फक्त महापालिकेचं पाणी येत असेल तर सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र, घेऊ नका. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही चारही धरणं सह्याद्रीच्या पावसावर भरतात. हे पाणी काळ्या कातळावरून वाहत येतं, जमिनीत फार काळ मुरत नाही, त्यामुळे त्यात क्षार कमीच असतात. पेठांमध्ये बादलीच्या कडेला पांढरा थर बसत नाही, त्याचं कारण हेच.

खरी पंचाईत बाणेर-बालेवाडी, वाघोली, उंड्री, पिसोळी, हिंजवडी या पट्ट्यात आहे. तिथे सोसायटीच्या खालच्या टाकीत नळाचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकत्र पडतं. बोअरचं पाणी कातळाच्या भेगांत वर्षानुवर्षं थांबलेलं असतं आणि कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन वर येतं. त्यामुळे एकाच नळाला ऑगस्टमध्ये लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत हार्डनेस (म्हणजे जडपणा, या कॅल्शियम-मॅग्नेशियमचं माप) सापडतो आणि मे महिन्यात तोच ४५० वर जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणे २०० पर्यंतचं पाणी चांगलं. दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचं.

हा अनुभव अशाच पाण्यावरचा आहे. यंत्र म्हणजे २५ लिटर रेझिन (हार्डनेस धरून ठेवणारे बारीक मणी) भरलेली एफआरपीची, म्हणजे फायबरची टाकी, वर पाण्याची वाट बदलायला हाताने फिरवायचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह आणि शेजारी मिठाच्या पाण्याचा पिंप.

सगळ्यात आधी मोजमाप, कारण इथेच बहुतेक जण फसतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, मोजणारं मीटर हार्डनेस सांगत नाही. सॉफ्टनर कॅल्शियम काढून घेतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो. हार्डनेसच्या दर १०० मिलिग्रॅममागे साधारण ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. त्यामुळे टीडीएस जवळपास तेवढाच राहतो आणि ‘मशीन चालतच नाही’ अशी तक्रार सुरू होते. मोजायला थेंबांचा किट हवा. नमुन्यात बफरचे थेंब टाकायचे, चिमूटभर निर्देशक पूड टाकायची. पाणी जड असेल तर रंग लालसर जांभळा होतो. मग तिसऱ्या बाटलीतला एकेक थेंब टाकत हलवत राहायचं, लालसर झाक पूर्ण जाऊन स्वच्छ निळा रंग येईपर्यंत, आणि थेंब मोजायचे. एका थेंबाला किती मिलिग्रॅम ते किटवर छापलेलं असतं. सॉफ्टनरनंतरच्या पाण्यात पूड टाकताच निळा रंग आला, तर रेझिन काम करतंय.

आता हिशोब. एका लिटर रेझिनला साधारण १२० ग्रॅम मीठ दिलं तर ते ४५ ग्रॅमच्या आसपास हार्डनेस धरतं. २५ लिटर रेझिन म्हणजे ११२५ ग्रॅम. पाणी ४५० चं असेल तर २५०० लिटर झाले की रेझिनची ताकद संपली, मिठाचं पाणी देऊन ती परत आणायची. माणशी १३५ लिटर धरले तर चौघांच्या घरात हे साडेचार दिवसांत होतं आणि दर खेपेला ३ किलो मीठ लागतं, म्हणजे उन्हाळ्यात महिन्याला २० किलो. हेच पाणी १०० चं असेल तर ११,००० लिटरपर्यंत हात लावावा लागत नाही. म्हणूनच दर चार दिवसांनी आपोआप चालणारं टायमरचं मॉडेल पुण्याच्या पाण्याला सोयीचं नाही; पावसाळाभर ते मीठ आणि पाणी गटारात घालत बसतं. घ्यायचंच तर लिटर मोजणारं घ्या किंवा सरळ हाताचं.

हाच हिशोब बाथरूमच्या भिंतीवरच्या छोट्या सॉफ्टनरला लावून बघा. दीड लिटर रेझिन, म्हणजे ६७ ग्रॅम, म्हणजे ४५० च्या पाण्यावर १५० लिटर. सात-आठ बादल्या! डब्यावर काहीही छापलेलं असो, गणित बदलत नाही. नळीला गुंडाळायच्या चुंबकाबद्दल तर एवढंच की किटचे थेंब आधी जितके लागतात तितकेच नंतरही लागतात.

मिठाची खेप अशी: आधी दहा मिनिटं बॅकवॉश, म्हणजे पाणी खालून वर, त्याने रेझिन सैल होतं आणि गाळ निघतो. मग ३ किलो मीठ साधारण दहा टक्क्यांच्या द्रावणात, अर्धा तास, सावकाश. घाईने ओढलं तर निम्मं मीठ वाया जातं. शेवटी चव खारट लागेनाशी होईपर्यंत धुवायचं. सगळं मिळून दोनशे लिटरच्या आसपास पाणी जातं. हे पाणी कुंड्यांना घालू नका. सॉफ्ट केलेलं पाणीही झाडांना नकोच. सोडियमने माती घट्ट होते आणि तुळस आधी मान टाकते.

बिघाड बहुतेक वेळा मिठातच असतो. बारीक आयोडीनयुक्त मीठ पिंपात दगड होऊन बसतं, खाली पोकळी राहते आणि वरून मीठ भरलेलं दिसतं. काठीने ढोसून बघावं. खडेमीठ स्वस्त, पण त्यातली माती इंजेक्टरच्या (पिंपातलं मिठाचं पाणी ओढणाऱ्या भागाच्या) बारीक भोकात अडकते आणि मिठाचं पाणी ओढलंच जात नाही. इंजेक्टर खोलून पिनने नव्हे, पाण्याच्या धारेने साफ करावा. पिनने भोक मोठं झालं की ओढ कायमची बिघडते. टँकरचा गाळ अडवायला आधी २० मायक्रॉनचा फिल्टर हवाच. नळाच्या जाळीत सोनेरी बारीक मणी दिसले तर टाकीतली जाळी फुटली आहे आणि रेझिन बाहेर चाललंय. वरच्या मजल्यावर दाब बघून घ्या: टाकी तीन-चार मीटर वर असली तर ०.३-०.४ बारच मिळतो. तेवढ्यावर स्वयंचलित व्हॉल्व्ह चालत नाही, पंप लागतो.

फरक कुठे पडला? गिझरमध्ये सर्वाधिक. जड पाणी तापलं की बायकार्बोनेट फुटतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना एलिमेंटवर बसतो. खडखड आवाज येतो तो त्याचाच. आता आवाज नाही, थर्मोस्टॅट ५० वर ठेवलेला आहे. साबण निम्मा लागतो. कपडे कडक वाळत नाहीत. अंघोळीनंतर अंग बुळबुळीत वाटतं, त्याची सवय होते. केस मऊ होतात. केस गळायचे थांबतात हा मात्र विक्रेत्याचा दावा.

टाइल्सवरचे जुने डाग आपोआप जात नाहीत. त्यांना लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड पुरतं. पण कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर हे स्वतःच चुन्याचे दगड, त्यांच्यावर थेंब पडला तरी फसफसून पॉलिश जातं. शॉवरची तबकडी काढून व्हिनेगरमध्ये ठेवली की काम होतं.

स्वयंपाकघराची लाइन विचार करून जोडा. आरओ असेल तर त्याला सॉफ्ट पाणी द्या. त्याच्या मेम्ब्रेनवर, म्हणजे आतल्या गाळायच्या पडद्यावर, थर बसत नाही आणि सोडियमही बरंचसं निघून जातं. नुसता यूव्ही, म्हणजे अतिनील प्रकाशाने जंतू मारणारा प्युरिफायर, असेल तर त्याला सॉफ्टनरच्या आधीचं पाणी द्या, विशेषतः घरात कुणाचं मीठ बंद असेल तर. मात्र जड पाण्याने यूव्हीच्या काचेच्या नळीवर थर चढतो आणि प्रकाश अडतो, ती पुसावी लागते. तूरडाळ शिजत नाही ती कॅल्शियममुळेच, तेव्हा ती आरओच्या पाण्यात लावा. सोडा लागत नाही. सॉफ्टनर जंतू मारत नाही. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा सॉफ्टनरची चौकशी करणारे बरेच होते. दूषित पाण्याला उपाय क्लोरीन आणि उकळणं.

शेवटची अडचण सोलर वॉटर हीटरची. गच्चीवरच्या सोलरला पाणी थेट वरच्या टाकीतून जातं, तुमच्या फ्लॅटमधल्या सॉफ्टनरमधून नाही. म्हणजे थंड नळाला सॉफ्ट पाणी आणि गरम नळाला तेच जड, तेही सोलरच्या काचेच्या ट्यूबमध्ये चांगलं तापून आलेलं, पांढऱ्या कपच्यांसकट. गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या मिक्सर नळाचं कार्ट्रिज (आतला फिरता भाग) त्या कपच्यांनी अडकतं. सोसायटीने वरच्या टाकीआधी मोठा प्लांट बसवणं हा खरा मार्ग, पण तो सर्वसाधारण सभेत मंजूर व्हायला हवा. तोवर गरम लाइनला बाथरूमबाहेर उष्णता सोसणारा, इंग्रजी वाय आकाराचा जाळीचा फिल्टर लावा आणि दर महिन्याला त्याची जाळी झटका.