कोपर्निकस हवामान बदल सेवा: माल अस्सल, काउंटर मात्र उंच

उद्या पाऊस पडेल का, हे पाहण्यासाठी कोणी कोपर्निकस हवामान बदल सेवेकडे जाऊ नये. धरण, पीकविमा, वीजपुरवठा किंवा सार्वजनिक आरोग्य यांचे नियोजन करणाऱ्यांना गेल्या अनेक दशकांच्या नोंदी आणि पुढील महिन्यांच्या वा दशकांच्या शक्यता लागतात. ही सेवा त्यांच्यासाठी आहे. युरोपीय आयोगाच्या वतीने ईसीएमडब्ल्यूएफ (मध्यम पल्ल्याच्या हवामान अंदाजाचे युरोपीय केंद्र) ही आंतरशासकीय संस्था ती चालवते आणि नोंदणी करून परवान्याच्या अटी मान्य केल्यावर जगात कोणालाही तिचा डेटा विनामूल्य मिळतो.

सेवेचा कणा म्हणजे ईआरए५ हा संच. उपग्रह, भूकेंद्रे, फुगे आणि जहाजे यांची निरीक्षणे एकाच संगणकीय प्रारूपातून घेऊन १९४० पासूनच्या वातावरणाची तासागणिक स्थिती त्यात सुमारे ३१ किलोमीटरच्या जाळीवर मांडलेली आहे. जिथे कधी पर्जन्यमापकच नव्हता, तिथलीही सलग मालिका त्यामुळे हाती येते. अर्थात, एवढ्या मोठ्या चौकटीत डोंगराच्या वाऱ्याकडील बाजूचा मुसळधार पाऊस आणि पलीकडचा कोरडेपणा यांची सरासरी होऊन जाते, हे विसरून चालत नाही.

खरी अडचण फाइल उघडल्यावर येते. मासिक सरासरीच्या संचात पाऊस मीटरमध्ये आणि तोही दररोजच्या सरासरीने दिलेला असतो. एखाद्या चौकटीत ०.००६ दिसले, तर १००० ने गुणून ६ मिलिमीटर आणि मग ३० दिवसांनी गुणून महिन्याचे १८० मिलिमीटर, असा हिशेब वापरकर्त्यानेच करायचा. दिवसांचा गुणाकार राहिला, तर ओला महिना दुष्काळी दिसू लागतो. तापमान केल्विनमध्ये, वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, फाइल ग्रिब किंवा नेटसीडीएफ या वैज्ञानिक डेटाच्या खास स्वरूपांत. माहितीपुस्तिकेत हे सारे नोंदवलेले आहे. पण पाणीपुरवठा पाहणारा अभियंता ती वाचून कामाला लागेल, ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

हंगामी अंदाजाविषयी मत अधिक अनुकूल आहे. अनेक केंद्रांच्या प्रारूपांचे सहा महिन्यांपर्यंतचे निष्कर्ष शेजारी शेजारी मिळतात आणि जुन्या वर्षांसाठी तीच प्रारूपे कितपत खरी ठरली, तेही पाहता येते. स्वतःची मर्यादा इतकी उघडपणे दाखवणाऱ्या सेवा थोड्या. तरीही ‘सरासरीपेक्षा जास्त पावसाची शक्यता ४५ टक्के’ एवढ्यावर धरणातले पाणी सोडायचे की अडवायचे, हे ठरवण्यासाठी लागणारा दुवा इथे नाही.

तो दुवा कारभाराशी निगडित आहे. २००९ च्या जिनिव्हा परिषदेत ठरलेल्या जागतिक हवामान सेवा चौकटीच्या, म्हणजे अशा सेवांसाठीच्या आंतरराष्ट्रीय आराखड्याच्या, पाच स्तंभांपैकी एक स्तंभ वापरकर्त्यांशी संवादाचा आहे. कोपर्निकस गुणवत्ता तपासणी चोख करते, वापरकर्त्यांच्या गरजाही नोंदवून घेते. प्राधान्यक्रम मात्र युरोपीय आयोग आणि सदस्य देशांचे प्रतिनिधी ठरवतात. पैसा त्यांचा असल्यामुळे यात गैर काही नाही. पण युरोपबाहेरचा वापरकर्ता त्यामुळे ग्राहकच राहतो, भागीदार होत नाही. २०२४ मध्ये डेटा भांडाराची नवी प्रणाली आली, तेव्हा अशा ग्राहकांनाही आपल्या आज्ञावल्या बदलून घ्याव्या लागल्या.

संशोधक, सल्लागार संस्था आणि प्रोग्रामिंग जाणणारा माणूस पदरी असलेली कार्यालये यांनी ही सेवा निःशंकपणे वापरावी. इतरांनी हाच डेटा आपल्या देशाच्या हवामान खात्यामार्फत, स्थानिक केंद्रांच्या नोंदींशी ताडून घेतलेल्या स्वरूपात मागावा.