खारेपाटातल्या बायकांच्या गटाची बांध-उघाडी देखभाल : 5 पैकी 4 स्टार

आधीच सांगते, हा रिव्ह्यू हॉटेलचा नाही आणि मिक्सरचा पण नाही. अलिबाग-पेणच्या खारेपाटात ज्यांची खार जमीन आहे आणि जे नोकरीपायी पनवेल नाहीतर मुंबईला राहून पाऊस लागला की गावाला फोन करून "उघाडी चालू हाय ना रे?" एवढंच विचारतात, त्यांच्यासाठी लिहितेय. शेजारच्या गावातल्या बचत गटाच्या बायकांनी बांध, चर आणि उघाडीची देखभाल वर्गणीवर घ्यायला सुरुवात केलीय, आमची सासरची दीड एकर त्याच बांधाच्या आत येते, म्हणून आम्ही पण गिऱ्हाईक.

ज्यांना खार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खाडीला मातीचा बांध घालून मिळवलेली जमीन, भरती आली की खाडीचं पाणी शेतापेक्षा वर आणि ओहोटी लागली की खाली. त्यामुळे पावसाचं पाणी बाहेर जायला दिवसातून दोनदा काही तासच मिळतात. बांधात जिथून ते जातं ती उघाडी. तिला झडप असते, भरतीच्या पाण्याने बाहेरून दाब दिला की मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने ढकललं की उघडते. ना लाईट लागत ना डिझेल. पण त्या झडपेत एक चप्पल अडकली, थर्माकोलचा तुकडा, तुटलेलं नायलॉनचं जाळं, पाण्याची बाटली काहीही, की दोन बोटांची फट राहते आणि प्रत्येक भरतीला खारं पाणी गुपचूप आत. तुम्हाला कळतं तेव्हा रोपं पिवळी पडलेली असतात.

आणि जुलैत आमावस्या-पुनवेचं उधाण आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी आले, म्हणजे साडेचार मीटरच्या वरची भरती, तर झडप जास्त वेळ मिटलेली राहते, आतलं पाणी चढत जातं, आणि तेव्हाच चरात गाळ असेल तर ओहोटी लागली तरी पाणी उघाडीपर्यंत पोचतच नाही. लोकांना वाटतं खारेपाटात शेती बुडते ती समुद्रामुळे. अर्धी वेळ ती बुडते न काढलेल्या गाळामुळे.

आता सर्व्हिस. शिमगा झाला की गटातल्या बायका अख्खा बांध पायी चालतात. खेकड्यांची बिळं, उंदरांनी पोखरलेलं, जिथे बांध बसलाय, जिथे दगडी पिचिंग निसटलंय ते सगळं बघून काठीला चिंध्या बांधून खुणा करतात आणि मग चिखलाची ढेकळं लावून भरतात. बिळाच्या तोंडावर माती थापून मोकळं व्हायचं असं नाही, आतपर्यंत खोदून ठासून भरतात. मी उभी राहून बघितलंय. चर हातानेच साफ करतात, गुडघाभर चिखलात उतरून, आणि काढलेला गाळ लांब टाकतात, काठावर नाही, कारण काठावरचा गाळ पहिल्याच सरीत परत आत येतो. झडपेच्या बिजागरीला ग्रीस, रबर फाटलं असेल तर नवीन. पावसाळ्यात प्रत्येक उधाणाला दोघी जणी बॅटरी आणि लांब आकडा घेऊन उघाडीवर.

याच्या आधी आम्ही एका कॉन्ट्रॅक्टरचं काम बघितलेलं आहे. पोकलेन आणून दोन दिवसांत सगळा बांध उंच केला, दिसायला एकदम झकास, पण माती उचलली बांधाच्याच पायथ्यापासून. पायथ्याशी खड्डा, वर ढीग. पहिल्या मोठ्या उधाणाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा बांधावर कोण कोण चाललं होतं काम तपासायला, तर कोणीच नाही, फोटो बघून सह्या झाल्या होत्या.

या बायकांच्या कामाचा दर्जा वेगळा का आहे यावर मी बराच विचार केला, आणि माझं मत असं की त्या जास्त कष्टाळू बिष्टाळू आहेत म्हणून नाही (हे बायकांचं कष्टाळूपण ऐकून ऐकून कान किटले). कारण साधं आहे. इथले पुरुष डोलवी, नागोठणे, थळच्या कंपन्यांत शिफ्टला, रहू टाकण्यापासून (म्हणजे मोड आलेलं भात पेरण्यापासून) कापणीपर्यंत रोज शेतात पाय असतो तो बाईचा. कुठल्या खाचरात पाणी आधी चढतं, कुठे गवत जळायला लागलं, कुठल्या कोपऱ्यात माती पांढरी पडते हे तिला विचारायला लागत नाही. भरतीची वेळ सुद्धा तोंडावर असते, तिथीची पाऊणपट करा की झालं, चतुर्थीला तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, पुनवेला सव्वाअकरा ते बाराच्या आसपास. मी मोबाईलवर ॲप उघडेपर्यंत मावशींचं सांगून झालेलं.

सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मात्र चिखलाची नाही, बैठकीची आहे. पाणी काढण्याच्या कामात एक गोची असते जी कॅनॉलवाल्यांना कळत नाही. कॅनॉलवर शेवटच्या माणसाला पाणी मिळत नाही म्हणून भांडण, आणि आमच्याकडे शेवटच्या माणसाला सगळ्यांचं पाणी मिळतं म्हणून भांडण. वरच्या अंगाचा शेतकरी पाऊस पडला की आपल्या मोऱ्या उघडून मोकळा होतो, ते सगळं उघाडीजवळच्या सखल खाचरांत येऊन साचतं, आणि भरती असेल तर तिथून हलत नाही. सखल जमिनी कोणाच्या, तर बऱ्याचदा विधवा, एकट्या, वाटणीत शेवटी उरलेलं ज्यांच्या पदरात पडलं त्यांच्या. गटाने काम घेतानाच अट घातली की आधी सगळ्यांनी एकत्र शिवारफेरी करायची, वरच्यांनी पण. आणि मग ठरलं की रोपं पाण्याच्या वर आली की वरच्यांनी ओहोटी लागेपर्यंत आपलं पावसाचं पाणी खाचरातच धरायचं, ओहोटी लागली की उघाडीच्या बाजूने सुरुवात करून क्रमाने मोऱ्या उघडायच्या. धरलेल्या पावसाच्या पाण्याने मीठ खाली जिरतं, हा वरच्यांचा पण फायदाच. एका काकांनी कुरकुर केली, तर त्यांच्याच वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमचा पानी माज्या डोक्यावर कशाला?" विषय संपला.

ही बैठक आधी संध्याकाळी सातला ठेवली होती, म्हणजे बरोबर भाकऱ्या भाजायच्या वेळी. बायका दोनच आल्या. मग दुपारी तीनला केली तर जागा पुरेना. एवढी साधी गोष्ट, पण मोठमोठ्या प्रकल्पांच्या अहवालात "महिलांचा सहभाग कमी" असं लिहून मोकळे होतात तेव्हा बैठकीची वेळ काय होती हे कोणी विचारत नाही.

रेट : एकरी 800 रुपये किंवा तेवढ्या किमतीचं भात, आणि चर काढायच्या दिवसांत घरटी एक माणूस कामाला. माणूस येणार नसेल तर त्याची मजुरी वेगळी. महाग वाटेल, पण खारं पाणी एकदा आत आलं की पुढचे एकदोन हंगाम हातचे जातात, ते धरून हिशोब करा. पुरुषाला आणि बाईला मजुरी सारखी. आमच्याकडे बांधाच्या कामाला हे पहिल्यांदाच बघितलं, आणि हो, त्यावरून चार दिवस पारावर चर्चा चालू होती, चर्चा करणाऱ्यांत कामाला आलेला एकही नव्हता. पावती मिळते, कार्बन कॉपीवाली. हिशोब ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत वाचून दाखवतात.

आता तक्रारी.

मोठी खांड यांच्या आवाक्यातली नाही. दहा-पंधरा फूट बांध वाहून गेला तर मशीन आणि दगड लागणारच, तिथे सरकारी योजनेची वाट बघावी लागते, आणि खांड वेळेत बांधली नाही की आत तिवरं (खारफुटी) उगवतात. मुंबई हायकोर्टाच्या 2018 च्या निकालानंतर तिवराला हात लावायचा म्हणजे केस, म्हणजे सातबारा तुमचा आणि झाड तोडायला मात्र मनाई. म्हणून लहान भगदाड असतानाच बुजवणं किती महत्त्वाचं ते कळतं. गटाच्या बायका याबाबतीत कडक आहेत, बांधाबाहेरच्या तिवरांना कोणाला कोयता लावू देत नाहीत. बरोबरच आहे, लाटेचा मार पहिला तीच झाडं झेलतात.

दुसरं, टीडीएस पेन. कोणीतरी ट्रेनिंगमध्ये यांना पाण्याचं मीठ मोजायचं पेन दिलंय, आणि दर आठवड्याला त्याचे आकडे व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. कल्पना चांगली, पण ते पेन पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेलं, साधारण 9990 च्या पुढे त्याला मोजता येत नाही, आणि समुद्राचं पाणी 35 हजारच्या घरात. म्हणजे चरात किंचित खारट झालंय का ते कळेल, पण उघाडीपाशी खाडीचंच पाणी घुसलंय तिथे पेन हात वर करतं. मातीचं वेगळं, मातीसाठी नमुना लॅबलाच द्या. तोपर्यंत आमच्या एक आजी चरातलं पाणी जिभेला लावून सांगतात, आणि माझा जास्त विश्वास आजींवर आहे. त्या ग्रुपवर गुड मॉर्निंगचे फुलांचे फोटो बंद केले तर अजून बरं होईल, उधाणाचा मेसेज फुलांमध्ये हरवतो.

तिसरं, आणि पाचवा स्टार इथे कापलाय. उघाडीची चावी यांच्याकडे नाही.

झडप आपोआप चालते खरी, पण ती साखळीने वर उचलून पण ठेवता येते, आणि त्या साखळीच्या कुलपाची चावी बांधाच्या कमिटीकडे. कमिटीत कोण, तर खातेदार. खातेदार कोण, तर सातबाऱ्यावर नाव ज्याचं, म्हणजे ओघानेच बहुतेक पुरुष. भात कापून झालं की कोळंबी आणि मासळीसाठी कोणीतरी रात्री झडप उचलतं, खारं पाणी आत घेतं, जाळं लावतं. मासे मिळतात एकाला आणि मीठ मिळतं सगळ्यांच्या शेताला. मासेमारीला माझा विरोध नाही हं, जिताडा मला पण आवडतो. गोव्यात खाजनांच्या (तिथल्या खार जमिनींच्या) मानशीवर, म्हणजे उघाडीवर, मासेमारीचा रीतसर लिलाव होतो आणि त्यातला पैसा बांधाच्या डागडुजीला वापरायची पद्धत आहे. आपल्याकडे पण करा की तसं, उघड लिलाव, किती दिवस पाणी घ्यायचं ते ठरवून, आणि पैसा देखभालीला. पण तो ठराव मांडायचा कोणी? ज्या रात्री दोन वाजता आकडा घेऊन उघाडीवर उभ्या असतात त्यांना त्या कमिटीत मत नाही.

सासरे जोळाच्या गोष्टी सांगायचे, सगळा गाव मिळून बांध बांधायचा, खांड गेली की आरोळी, आणि हातातलं टाकून माणसं पळायची. मग 1948 चा खार जमिनींचा कायदा आला, पुढे 1979 चा, बांध सरकारच्या योजनेत गेले, आणि जोळ हळूहळू विरला. आता काही जण या गटाकडे बघून म्हणतात जोळ परत आला. मला तसं म्हणवत नाही. सासऱ्यांच्या गोष्टींत बायका फक्त भाकऱ्या घेऊन बांधावर यायच्या, आत्ता त्या बांध बांधतायत पण ठरवायचं बऱ्याच अंशी अजून दुसऱ्यांनीच. बांगलादेशात पोल्डरच्या (बांध घालून राखलेल्या जमिनीच्या) बांधाची काही मातीकामं गरीब बायकांच्या लेबर गटांना थेट देतात, मध्ये कंत्राटदार नाही, चांगलंच आहे. पण मजुरी हातात येणं आणि झडप कधी उचलायची हे ठरवणं यात खूप अंतर आहे. आमच्या घरी मी यावर्षी सातबाऱ्यावर नाव लावायचा विषय काढलाय, नवरा हो म्हणालाय, दिरांचं बघू.

ज्यांना गट बोलवायचाय त्यांनी आपल्या ग्रामपंचायतीत चौकशी करा, नंबर इथे टाकत नाही. एका गावासाठी नाही येत, एका बांधाच्या आतले सगळे तयार पाहिजेत, नाहीतर तुमचा चर साफ आणि शेजाऱ्याचा तुंबलेला, उपयोग शून्य. सांगायचं ते शिमग्याच्या आधी सांगा. एप्रिलच्या शेवटाला फोन केलात तर हळदी-लग्नं चालू असतात, आणि मे संपत आला की त्या स्वतःच्या रहूच्या तयारीला लागतात, तेव्हा कोणाचाच फोन उचलत नाहीत, माझा पण नाही.