सायकलचा रात्रीचा दिवा: यूएसबीचा, सेलचा की डायनामोचा?

सायकलच्या दिव्याच्या खोक्यावर सगळ्यात ठळक असतो तो लुमेनचा, म्हणजे दिव्यातून एकूण किती प्रकाश निघतो त्याचा आकडा, आणि दोन दिव्यांत निवड करताना बहुतेक जण तोच ताडून बघतात. माझ्या मते तो शेवटी बघावा. आधी दोन गोष्टी ठरवा: तुमच्या रस्त्यावर खांबांचे दिवे आहेत का, आणि बॅटरी संपली तर तुम्ही घरापासून किती लांब असाल?

पुण्यात संध्याकाळी शिवाजीनगरहून कोथरूडला परतणाऱ्याला रस्ता दिसतोच, आपण इतरांना दिसलो म्हणजे झालं. २००-३०० लुमेन त्याला भरपूर. हाच माणूस रविवारी अंधारातच सिंहगडाकडे किंवा ताम्हिणी घाटाकडे निघाला की हिशोब बदलतो. वेग ताशी २० किमी असेल आणि खड्डा दिसल्यावर ब्रेक दाबायला दीड सेकंद लागला, तर थांबेपर्यंत साधारण १२ मीटर जातात. घाट उतरताना वेग ४० वर गेला की कोरड्या रस्त्यावरसुद्धा जवळपास ३० मीटर लागतात. त्यात अंतर दुप्पट झालं की प्रकाश पाव उरतो. त्यामुळे उतारासाठी ६००-८०० लुमेन मागणं ही चैन नव्हे. चढावर तोच दिवा १०० वर ठेवला तरी भागतं.

यूएसबीवर चार्ज होणारा दिवा

बॅटरी आतच बसवलेली, हँडलला रबरी पट्टा, ऑफिसात पोचल्यावर काढून खिशात टाकायचा. रोजच्या येण्याजाण्याला याच्याइतका सोयीचा प्रकार नाही. टाइप-सीचं तोंड असेल तर फोनचीच केबल चालते. घेण्याआधी एक गोष्ट आवर्जून विचारा: पॉवरबँक जोडलेली असताना दिवा पेटतो का? काही मॉडेल चार्जिंगला लावली की बंदच होतात, आणि हे खोक्यावर क्वचितच लिहिलेलं असतं. दुसरी अडचण वयाची. दोन-तीन वर्षांनी बॅटरी दमली की ती बदलता येत नाही, अख्खा दिवाच टाकावा लागतो.

सेल बदलता येणारा दिवा

यात बहुधा १८६५० नावाचा लिथियम सेल असतो, १८ मिमी जाडीचा आणि ६५ मिमी लांबीचा. खोक्यावरचे दावे तपासायचं गणित इथेच शिकून घ्या, ते यूएसबीच्या दिव्यालाही लागू पडतं. चांगल्या सेलची क्षमता ३००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर) धरू. ३.६ व्होल्टने गुणलं की सुमारे ११ वॉट-अवर, म्हणजे ११ वॉट तासभर पुरेल एवढी ऊर्जा. एका वॉटमागे ढोबळमानाने १०० लुमेन मिळतात. म्हणजे १००० लुमेन तासभर, किंवा ३०० लुमेन साडेतीन तास. '२००० एमएएच, १००० लुमेन, ६ तास' असं छापलेलं असेल तर तीनपैकी निदान एक आकडा थाप आहे. ९९०० एमएएच लिहिलेले १८६५० सेलही बाजारात सर्रास दिसतात. त्या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची मजल ३५०० च्या आसपास असते, तेव्हा असा सेल फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आणखी एक मेख आहे. टॉर्चसाठीच्या एएनएसआय या अमेरिकी मानकात प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा वेळ 'रनटाइम' म्हणून मोजतात. दिवा तापला की स्वतःच प्रकाश कमी करतो, त्यामुळे छापलेल्या तासांतला मोठा भाग मिणमिणता असू शकतो. तुम्ही प्रत्यक्षात ज्या मोडवर चालवणार, त्याच मोडचे तास विचारा.

सेलच्या दिव्याची खरी मजा ही की जादा सेल सोबत ठेवला की अर्ध्या मिनिटात दिवा पुन्हा ताजा. सेल म्हातारा झाला तर काही शेकड्यांत नवा येतो. मात्र सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात टाकू नका, शॉर्ट झाला तर पेट घेऊ शकतो. प्लास्टिकची डबी वापरा, आणि विमानाने जाताना ती केबिनच्या बॅगेतच ठेवा. साधी टॉर्च क्लॅम्पने हँडलला लावणं हा यातलाच स्वस्त मार्ग आहे, पण तिचा झोत गोल असतो. अर्धा प्रकाश झाडांवर जातो आणि उरलेल्यातला बराच समोरच्याच्या डोळ्यांत.

डायनामो

डायनामो म्हटलं की अनेकांना टायरला घासणारी ती बाटली आठवते: पेडल जड, पावसात घसरण, सिग्नलला थांबलं की अंधार. आताचा डायनामो पुढच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या तुंब्यातच असतो. ६ व्होल्ट, ३ वॉटचा. ताशी १५ किमीच्या आसपास तो पुरेसा प्रकाश देतो आणि थांबल्यावर दिव्यातला कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारा भाग, काही मिनिटं साथ देतो. चार्जिंगची कटकट नाही, चोरायलाही अवघड. पण घाट चढताना वेग ६-७ वर आला की बरेच दिवे लुकलुकू लागतात. शिवाय हब, नव्याने बांधून घेतलेलं चाक आणि दिवा मिळून खर्च पाच आकड्यांत सहज जातो, आणि तो दुसऱ्या सायकलला हलवता येत नाही.

लांबच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, करणाऱ्यांना डायनामोचा मोह होतो. ४०० किमीला २७ तास, ६०० ला ४० तास मिळतात, म्हणजे रात्र टळत नाही. पुण्यात डिसेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातला उगवतो, म्हणजे जवळपास १३ तासांची रात्र. सरासरी २५० लुमेन वापरले तर तीन सेल पुरतात. एवढं साधं गणित असताना वर्षाकाठी एखाद-दुसऱ्या ब्रेव्हेसाठी डायनामो घेणं मला पटत नाही. महिनाभर सायकलवर फिरणाऱ्याची गोष्ट निराळी.

झोत कुठे पडतो

जर्मनीत रस्त्यावर वापरायच्या सायकलच्या दिव्याला मान्यता लागते, आणि अशा दिव्यांचा झोत वरच्या बाजूने कापलेला असतो. आपल्या भाषेत, दिवा कायम डिप्परवर. त्यांची ताकद लुमेनऐवजी लक्समध्ये सांगतात, म्हणजे ठरावीक अंतरावर प्रत्यक्ष किती उजेड पडतो ते. दुपदरी रस्त्यावर असा ३०० लुमेनचा दिवा ६०० लुमेनच्या टॉर्चपेक्षा उपयोगी पडतो. उणीव एवढीच की खाली आलेल्या फांद्या त्यात दिसत नाहीत.

हेल्मेटवरचा दिवा घाटाच्या वळणावर कामाचा, कारण हँडलचा दिवा वळणात सरळ दरीकडे बघतो आणि डोकं मात्र रस्त्याच्या बाजूला वळलेलं असतं. पण हेल्मेटवरचा एकटाच दिवा नको. खड्डा आपल्याला कळतो तो त्याच्या सावलीमुळे. प्रकाश डोळ्यांच्या रेषेतून आला की सावली लपते आणि रस्ता सपाट भासतो. धुक्यात तर तो पुढे पांढरी भिंतच उभी करतो.

पावसाळ्यासाठी पाणी रोखण्याची आयपीएक्स श्रेणी बघा: आयपीएक्स४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं, सह्याद्रीत आयपीएक्स६ बघा. चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण सैल पडलं की दोन्ही सारखेच.

मागचा लाल दिवा

सगळे पैसे पुढच्या दिव्यावर संपवून मागे बटण सेलवाली चकती लावणारे खूप आहेत. तो सीआर२०३२ सेल साधारण २२० एमएएचचा असतो, तो मंदावत जातो आणि आपल्याला कळतही नाही. पैसे मोजकेच असतील तर मी पुढे बेताचा दिवा घेईन आणि मागे दोन लावीन: एक स्थिर, एक लुकलुकणारा. लुकलुकणारा लक्ष वेधतो, पण त्यावरून मागच्या ड्रायव्हरला अंतराचा अंदाज नीट येत नाही, ते काम स्थिर दिव्याचं. दोन असले की एक वाटेत विझला तरी भागतं.

त्यांच्या जोडीला घोट्याला परावर्तक पट्टी बांधा. पेडलबरोबर वरखाली होणारी ती चकाकी बघून माणूस चालला आहे हे लांबून ओळखू येतं. दिवा सीटखाली लावला असेल तर रेनकोट घालून सायकलवर बसा आणि कुणाला तरी मागून बघायला सांगा. कोटाची शेपटी दिव्यावर येत असेल तर तो खाली, मागच्या चाकाशेजारच्या दांडीवर हलवा.