कोर्सेअर सीएक्स५५० : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि रेडिऑन आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड घेऊन मी कमी खर्चातला गेमिंग संगणक जुळवला, तेव्हा जुन्या कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा, तसाच ठेवला होता. त्यावर ठळक अक्षरांत ४५० वॅट छापलेले होते आणि एएमडीनेही या कार्डासाठी ४५० वॅटचीच शिफारस केलेली असल्यामुळे मी निश्चिंत होतो. कार्डाला लागणारी ८ पिनांची वायर त्यात नव्हती, म्हणून कन्व्हर्टर लावला. ही माझी खरी चूक होती.

पहिल्याच आठवड्यापासून गेममध्ये गर्दीचा प्रसंग आला की स्क्रीन काळी पडून संगणक रीस्टार्ट होऊ लागला आणि विंडोजच्या नोंदींत दर वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’, म्हणजे संगणक नीट बंद न होता रीस्टार्ट झाल्याची नोंद, दिसू लागली. दोन आठवडे मी ड्रायव्हर आणि रॅम यांनाच दोष देत राहिलो. अखेर कॅबिनेटची बाजू उघडून बॅटरीच्या उजेडात एसएमपीएसवरचे लेबल वाचले, तेव्हा १२ व्होल्टच्या रकान्यात फक्त १८ अँपिअर, म्हणजे २१६ वॅट, असा आकडा होता. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यावर दाखवलेले होते, ज्यांचा आजच्या संगणकाला फारसा उपयोग नसतो. १२ व्होल्टवरूनच वीज घेणाऱ्या कार्डाचे १३२ आणि प्रोसेसरचे ७६ वॅट मिळूनच २०८ होतात. त्यात पंखे धरा, शिवाय कार्ड क्षणभर याहून बरीच जास्त वीज ओढते, हेही धरा.

त्याच्या जागी घेतलेल्या कोर्सेअरच्या ५५० वॅटच्या सीएक्स५५० एसएमपीएसमध्ये जवळजवळ सगळी क्षमता १२ व्होल्टवर मिळते, आणि मला तेवढेच हवे होते. तो बसवल्यापासून आठ महिन्यांत एकदाही संगणक आपोआप बंद पडलेला नाही. भिंतीच्या सॉकेटला मीटर लावून पाहिले, तर गेम चालू असताना मॉनिटर वगळून साधारण २३० ते २४५ वॅट लागतात. म्हणजे एसएमपीएस निम्म्याहून कमी भारावर चालतो. त्यामुळे तो फारसा तापत नाही आणि त्याचा पंखा कार्डाच्या पंख्यांच्या आवाजात वेगळा ऐकूही येत नाही.

आमच्याकडे रत्नागिरीत पावसाळ्यात वीज दिवसातून अनेकदा लुकलुकते, त्यामुळे खरी परीक्षा जून-जुलैमध्येच झाली. घरगुती यूपीएस बॅटरीवरून देतो त्या गुळगुळीत नसलेल्या, पायरीदार लहरीच्या विजेवर काही एसएमपीएस अडखळतात, अशी मला धास्ती होती. माझ्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर मात्र गेम चालू असतानाही तसे झाले नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत होत्या, पण तो दोष घरातल्या अर्थिंगचा निघाला आणि इलेक्ट्रिशियनकडून ते दुरुस्त करून घेतल्यावर त्या थांबल्या.

वायरी सुट्या करता येत नाहीत, ही एक गैरसोय नक्कीच आहे. लहान कॅबिनेटमध्ये न लागणाऱ्या वायरींचा जुडगा हार्ड डिस्कच्या जागेत कोंबावा लागला आणि बाजूचे झाकण लावताना बराच वेळ गेला.

दुकानदाराने ७५० वॅटचा घ्या असा आग्रह धरला होता, पण या संगणकाला त्याची गरज नव्हती. तो फरकाचा पैसा मी एसएसडीत घातला, आणि पुढे १७० वॅटचे आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड घेतले तरी एनव्हिडियाची शिफारस ५५० वॅटचीच असल्यामुळे हाच एसएमपीएस चालणार आहे.