बोअरचं पाणी: पावडर की लिक्विड?

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. डिटर्जंटची बरीच ताकद त्यांच्याशी झुंजण्यातच जाते. इथे मला पावडरच उजवी वाटते. तिच्यातला धुण्याचा सोडा पाणी मऊ करतो, शिवाय ऑक्सिजन ब्लीचवाली घेतली तर चहाचे डागही फिके पडतात. लिक्विडमध्ये हे ब्लीच सहसा टिकत नाही. (हळदीसाठी मात्र ऊनच!) पावडरची खोट म्हणजे गार पाण्यात ती नीट विरघळत नाही, काळ्या कपड्यांवर पांढरी पूड राहते. मग ४० अंशांवर धुवा.

पाणी मऊ आणि धुणं गार पाण्यातलं असेल, तर लिक्विड बरं. कॉलरच्या तेलकट रेघेवर थेट चोळताही येतं. फ्रंट लोड मशीनला दोन्हींतलं कमी फेसाचंच घ्या. बादलीत भिजवायची पावडर त्यात घातली की फेस आवरत नाही.