एनएफएल प्लस प्रीमियमची ऑल-२२ फिल्म: धडपडणारा नवा क्वार्टरबॅक समजून घ्यायचा असेल तर

टीव्हीवर एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, सामना बघताना स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू झाला, की कॅमेरा पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकवर स्थिरावतो. मैदानाचा पुढचा भाग दिसतो तो चेंडू हवेत गेल्यावरच. तोवर वीस यार्डांवर कोण मोकळा झाला होता, बचावातला कोणता सेफ्टी (सर्वांत मागचा खेळाडू) कुठे सरकला, हे सगळं चौकटीबाहेर घडून गेलेलं असतं. म्हणून पहिल्या वर्षी मार खाणाऱ्या क्वार्टरबॅकबद्दल दोनच मतं कानावर येतात: लाइन (त्याच्यापुढे उभे राहून अडवणारे पाच जण) टाकाऊ आहे, नाहीतर पोरात दम नाही. एनएफएल प्लस प्रीमियम या लीगच्या स्ट्रीमिंग सदस्यत्वातली ऑल-२२ फिल्म लक्ष देऊन बघितली की यातलं नेमकं काय, किती आणि कोणत्या डावात, हे स्वतः तपासता येतं. या सदस्यत्वात रेडझोन (सगळ्या सामन्यांतले गुण होण्याच्या बेतातले क्षण दाखवणारं चॅनेल) आहे, सामन्यांची पूर्ण आणि संक्षिप्त पुनःप्रक्षेपणंही आहेत, पण पैसे वसूल होतात ते या फिल्ममुळे.

ऑल-२२ म्हणजे बावीसच्या बावीस खेळाडू एका चौकटीत. संघांचे कोच अशीच फिल्म बघून काम करतात. प्रेक्षकांना ती २०१२पासून पैसे भरून मिळू लागली. प्रत्येक डाव दोन कोनांतून दिसतो. साइडलाइनचा कोन उंचावरून आणि लांबून असतो, त्यात रिसीव्हरचे (पास झेलणाऱ्यांचे) मार्ग आणि सेफ्टींच्या जागा कळतात. एंड झोनचा कोन क्वार्टरबॅकच्या मागून किंवा समोरून, जवळचा असतो, त्यात लाइनची झटापट, क्वार्टरबॅकचे पाय आणि हेल्मेटची दिशा दिसते. कॉमेंटरी नाही, ग्राफिक्स नाहीत, पहिल्या डाऊनची पिवळी रेषाही नाही. २०२४च्या हंगामात प्रीमियमचा दर महिन्याला १४.९९ डॉलर किंवा वर्षाला ९९.९९ डॉलर होता. फिल्म सामना संपल्या संपल्या येत नाही, तेव्हा रविवारी रात्रीच बघू असं ठरवून बसू नका.

बघायची पद्धत महत्त्वाची आहे. पूर्ण सामना सलग बघितला तर तासाभरात डोळे थकतात आणि हाती काही लागत नाही. नव्या क्वार्टरबॅकसाठी आधी तिसऱ्या डाऊनचे (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याचे), त्यातही पाच किंवा जास्त यार्ड हवे असलेले डाव निवडा. मग सगळे सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलेले डाव), आणि शेवटी हुकलेले पास. एका सामन्यात असे वीसेक डाव निघतात. प्रत्येक डाव तीनदा बघायचा. पहिल्यांदा साइडलाइनच्या कोनातून, स्नॅपच्या आधी थांबवून: खोलवर एक सेफ्टी आहे की दोन? स्नॅपनंतर तेच चित्र राहिलं की बदललं? अनुभवी बचाव संघ नवख्याला नेमकं इथेच फसवतात. दोन सेफ्टी दाखवायचे आणि चेंडू निघताच एकाला पुढे धाडायचं. कॉलेजमध्ये असले बदल त्याने इतके आणि इतक्या उशिरा झालेले पाहिलेले नसतात. दुसऱ्यांदा एंड झोनच्या कोनातून फक्त पाय. तिसऱ्यांदा रिसीव्हर, आणि तेव्हा एकच प्रश्न: क्वार्टरबॅक जेव्हा तिकडे बघत होता तेव्हा तो मोकळा होता का? क्वार्टरबॅकची नजर पुढे गेल्यावर रिसीव्हर मोकळा झाला असेल तर दोष क्वार्टरबॅकचा नाही.

सोबत मोबाइलचं स्टॉपवॉच ठेवा. स्नॅपपासून चेंडू हातातून सुटेपर्यंतचा वेळ मोजायचा. झटपट पास साधारण दोन सेकंदांच्या आत जायला हवा. पाच पावलांच्या डावात अडीच ते पावणेतीन सेकंद ठीक. साडेतीन सेकंदांच्या पुढे सॅक झाला तर तो लाइनच्या खात्यावर टाकण्याआधी फिल्म परत लावा.

या फिल्ममुळे सर्वांत जास्त उलगडा होतो तो सॅकचा. पाच पावलं मागे गेल्यावर क्वार्टरबॅक स्नॅपच्या रेषेपासून सातेक यार्डांवर असायला हवा. टॅकल (लाइनच्या टोकाचा खेळाडू) त्याच हिशेबाने बाहेरच्या रशरला (क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला) वळसा घालायला लावतो, म्हणजे रशर क्वार्टरबॅकच्या पाठीमागून निघून जातो आणि क्वार्टरबॅक एक पाऊल पुढे, लाइनने राखलेल्या पॉकेटच्या पोटात सरकतो. घाबरलेला नवखा इथे उलटं करतो. पुढे सरकायच्या ऐवजी मागे वाहवत जातो, नऊ-दहा यार्डांवर पोचतो, आणि टॅकलने व्यवस्थित बाहेर ढकललेल्या रशरच्या थेट वाटेत येऊन उभा राहतो. टीव्हीवर टॅकल हरल्यासारखा दिसतो. एंड झोनच्या कोनात मैदानावरच्या रेषा मोजल्या की खरा प्रकार कळतो. याच्या उलट, दबाव आतून, म्हणजे लाइनच्या मधल्या गार्ड आणि सेंटरच्या मधून आला असेल, तर पुढे सरकायला जागाच नसते. तिथे क्वार्टरबॅकला बोल लावणं अन्याय आहे. तिसरा प्रकार ब्लिट्झचा, म्हणजे जादा बचावपटू धावून येण्याचा. पाच जण अडवायला आणि सहा जण धावून आले, तर एक जण मोकळा सुटणारच. त्याला कोणी अडवायचं नसतं, चेंडू हॉट रिसीव्हरकडे (अशा वेळच्या जवळच्या पर्यायाकडे) लगेच सोडून त्याला निष्प्रभ करायचं असतं. क्वार्टरबॅक त्या बाजूला बघतच नसेल, तर स्नॅपआधीची मोजणी चुकली.

ही सगळी मोजमापं लावून बघायला शिकागो बेअर्सचा २०२४चा हंगाम घ्या. यादीत तो मिळतोय ना, एवढं पैसे भरण्याआधी बघून घ्या. त्यांचा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीतला, पहिला खेळाडू. आकडे बघा: ३,५४१ यार्ड, २० टचडाऊन, फक्त ६ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले पास) आणि तब्बल ६८ सॅक. त्याने लागोपाठ ३५३ पास इंटरसेप्शनशिवाय टाकले, हा नवख्यांचा विक्रम आहे. मला ही दोन टोकं एकाच सवयीची वाटतात. चेंडू धोक्यात घालायचा नाही म्हणून तो हातात धरून ठेवायचा, आणि धरून ठेवला की मार खायचा. विक्रमाचं कौतुक करणारे आणि सॅकवरून लाइनला झोडपणारे, दोघेही एकाच गोष्टीचा अर्धा अर्धा भाग बघत होते. अर्थात लाइनही खरोखर कमकुवत होती. दुसऱ्याच आठवड्यात ह्यूस्टनविरुद्ध झालेले ७ सॅक एकामागून एक बघा आणि प्रत्येकापुढे लिहा: आतून, बाहेरून, ब्लिट्झ, की वेळ दवडला. ‘६८’ हा एकच आकडा किती वेगवेगळ्या चुकांचा मिळून बनतो, ते या सात डावांत कळायला लागतं.

आता या फिल्मचा सर्वांत चांगला उपयोग. १० नोव्हेंबर २०२४चा न्यू इंग्लंडविरुद्धचा सामना आणि १७ नोव्हेंबरचा ग्रीन बेविरुद्धचा सामना लागोपाठ लावा. पहिल्यात ९ सॅक आणि १९-३ असा पराभव. दोन दिवसांनी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचे कोच) शेन वॉल्ड्रन यांना काढलं आणि डाव ठरवण्याचं काम थॉमस ब्राऊन यांच्याकडे आलं. दुसरा सामनाही बेअर्स हरले, २०-१९, अखेरचा फील्ड गोल अडवला गेल्याने. पण विल्यम्सने ३१पैकी २३ पास पूर्ण केले, २३१ यार्ड मिळवले, धावूनही ७० यार्ड काढले आणि सॅक झाले फक्त ३. एका आठवड्यात कोणाचा खांदा बळकट होत नाही, डोळेही तेच असतात. बदलली ती त्याच्यापुढे मांडलेली गणितं. स्टॉपवॉच लावा: चेंडू लवकर सुटतोय. पहिला पर्याय जवळचा आहे आणि पाय थांबतात तेव्हाच तो मोकळा होतोय. पाय आणि नजर यांची सांगड म्हणतात ती हीच. शेवटच्या पावलावर पहिला रिसीव्हर, छोटी उडी, दुसरा, आणखी एक छोटी उडी, तिसरा. डावाची आखणी या तालाशी जुळत नसेल तर क्वार्टरबॅकचे पाय जागच्या जागी थयथय करायला लागतात, टाच जमिनीला टेकत नाही आणि चेंडू उंच जातो. न्यू इंग्लंडविरुद्धच्या फिल्ममध्ये हुकलेले पास एंड झोनच्या कोनातून बघताना मागच्या पायावर लक्ष ठेवा.

कोचने नवख्याला काय मदत दिली, तेही तपासा. टाइट एंड किंवा रनिंग बॅकला अडवायला मागे ठेवून सहा-सात जणांचं संरक्षण दिलं का? प्ले-ॲक्शनने (चेंडू घेऊन धावण्याच्या हुलकावणीने) लाइनबॅकरना दोन पावलं पुढे खेचलं का? अर्ध्या मैदानाचंच वाचन करायला दिलं का? रोलआउटने (एका बाजूला धावत जाऊन पास टाकायला लावून) त्याला पॉकेटबाहेर काढलं का? या प्रत्येक मदतीची किंमत असते. रोलआउटमुळे मैदानाची दुसरी बाजू गेली. स्क्रीन पास (रेषेमागेच टाकलेले छोटे पास) दोन आठवडे चालतात, मग कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर पहारा देणारे) पुढे येऊन बसतात आणि तीन यार्ड मिळणंही मुश्कील होतं. सात जण अडवायला ठेवले की मार्गावर तीनच रिसीव्हर उरतात. म्हणून मदतीचा प्रकार दर आठवड्याला बदलत राहणारा कोच आणि एकाच क्लृप्तीला चिकटलेला कोच यांतला फरक चार सामने ओळीने बघितल्याशिवाय लक्षात येत नाही.

बेअर्सनी पुढे केलं ते फिल्मशी ताडून बघण्यासारखं आहे. मुख्य कोच मॅट एबरफ्लस यांना २९ नोव्हेंबरला, हंगाम चालू असतानाच काढलं. जानेवारी २०२५मध्ये त्यांच्या जागी बेन जॉन्सन आले. डेट्रॉइटमध्ये क्वार्टरबॅक जॅरेड गॉफचं आक्रमण त्यांनीच उभारलं होतं, आणि हा गॉफ स्वतः २०१६मध्ये नवखा असताना सुरुवातीपासून खेळलेले सातही सामने हरला होता. लाइनची मधली तिन्ही माणसं नवीन आणली: गार्ड जो थूनी आणि जोना जॅक्सन, सेंटर ड्रू डालमन. पैसा आणि ड्राफ्टमधले हक्क आधी मधल्या जागांवर खर्च केले, ही निवड मला फार पटते. आतला दबाव क्वार्टरबॅकच्या पायांची शिस्त मोडतो, बाहेरच्याला तो पुढे सरकून उत्तर देऊ शकतो. २०२५मध्ये विल्यम्सचे सॅक ६८वरून २४वर आले आणि संघ ११-६ने (११ विजय, ६ पराभव) विभागात पहिला आला. दोन्ही वर्षांचे तिसऱ्या डाऊनचे डाव शेजारी ठेवून बघताना, त्यातलं श्रेय किती लाइनचं आणि किती त्याच्या लवकर सुटणाऱ्या चेंडूचं, हे मोजत जा. दोन्हीकडे भरपूर सापडेल.

दुसरं उदाहरण हवं असेल तर कॅरोलायनाचा क्वार्टरबॅक ब्राइस यंग. २०२३च्या ड्राफ्टचा पहिला खेळाडू, त्या वर्षी ६२ सॅक, संघ २-१५. २०२४मध्ये दोन सामन्यांनंतर त्याला बाकावर बसवलं, ऑक्टोबरच्या शेवटी परत खेळवलं, आणि ५ जानेवारी २०२५ला अटलांटाविरुद्धचा ४४-३८ असा सामना त्याने जादा वेळेत जिंकून दिला. उंची कमी असलेल्या क्वार्टरबॅकला आतला दबाव जास्त का बाधतो, ते त्याच्या पहिल्या वर्षाच्या एंड झोन कोनात स्पष्ट दिसतं.

फिल्मच्या मर्यादा माहीत असाव्यात. हडलमध्ये (डावाआधी खेळाडू जमतात त्या घोळक्यात) कोणता डाव सांगितला होता ते तुम्हाला ऐकू येत नाही. रिसीव्हर चुकीच्या दिशेला वळला की पास चुकीच्या जागी पडला, हे दोन्ही चित्रात सारखंच दिसतं, त्यामुळे एका डावावरून निकाल देऊ नका. तोच मार्ग इतर सामन्यांत कसा धावला गेला ते शोधा. स्नॅपआधीची हालचालही कधी पूर्ण सापडत नाही, कारण तुकडा स्नॅपच्या जेमतेम आधी सुरू होतो. शंका आली तर तोच डाव टीव्हीच्या प्रक्षेपणात बघा, तिथे क्वार्टरबॅकचे हातवारे आणि हाका मिळतात. सरासरी वेळेसाठी एनएफएलच्या नेक्स्ट जेन स्टॅट्सचं पान फुकट आहे. स्टॉपवॉचचे आकडे त्याच्याशी ताडून घ्या.

एनएफएल प्लस अमेरिकेतल्या प्रेक्षकांसाठी आहे. भारतात २०२३पासून एनएफएलचा गेम पास डॅझोन या स्ट्रीमिंग सेवेवरून मिळतो. तिथे घेताना ज्या पॅकेजचे पैसे भरताय त्यात कोचेस फिल्म (म्हणजेच ऑल-२२) लिहिलेली आहे का, ते आधी वाचा. भारतातून बघणाऱ्यांना या फिल्मची सोय जास्तच आहे. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या वेळेनुसार रविवारी दुपारी एकचे सामने आपल्याकडे रात्री साडेदहाला, नोव्हेंबरपासून साडेअकराला सुरू होतात, आणि रात्रीचा सामना सोमवारी पहाटे पाच पन्नासला, नोव्हेंबरपासून सहा पन्नासला. कामावरून आल्यावर वीस डाव नीट बघणं हे अर्धवट झोपेत तीन तास बसण्यापेक्षा किती तरी चांगलं.

लहान पडद्यावर बघू नका. मोबाइलवर साइडलाइनच्या कोनात रिसीव्हर मुंगीएवढे दिसतात. लॅपटॉप किंवा टीव्ही हवाच, आणि थांबवून मागेपुढे करायला कीबोर्ड असलेला बरा. एकाच नव्या क्वार्टरबॅकसाठी घेत असाल तर सप्टेंबरमध्ये घाई नको. नोव्हेंबरच्या मध्यावर एक महिन्याचं सदस्यत्व घ्या. तोवर नऊ-दहा सामन्यांची फिल्म जमलेली असते, त्यामुळे पहिला, पाचवा आणि नववा सामना ओळीने बघून पायांत आणि वेळेत फरक पडतोय का ते एकाच आठवड्यात तपासता येतं. मालिका चालू ठेवायची असेल तर वार्षिक घ्या, २०२४च्या दरांनी सात महिन्यांच्या मासिक दरातच ते वसूल होतं.