ऑर्थोची सीट घेताना झालेली फसवणूक: चॉइस फिलिंगआधी वाचा

पीजीचं (एमबीबीएसनंतरच्या एमडी-एमएसचं) काउन्सेलिंग, म्हणजे सीटवाटप, सुरू झालं की आमच्या मेडिकल कॉलेजमध्ये काही रेसिडेंटना, म्हणजे पीजी करणाऱ्या डॉक्टरांना, एक जादा ड्युटी लागते. सीट बघायला आलेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना डिपार्टमेंट फिरवून दाखवायचं. काय बोलायचं ते ऑफिसमधून ठरवून मिळतं. यंदा त्यात माझं नाव होतं, मी नकार दिला. जे सांगून मला इथे आणलं, तेच आणखी कुणाला सांगणं माझ्याने होणार नाही. कॉलेज पुण्याच्या आसपासचं, खासगी. नाव लिहीत नाही, कारण माझी परीक्षा व्हायची आहे आणि थीसिसवर सही याच लोकांची लागते.

ऑर्थोची (हाडांच्या शस्त्रक्रियांची) सीट घेण्याआधी मी आणि बाबा हडपसरहून मुद्दाम बघायला गेलो होतो. मी सगळं विचारलं होतं. पेशंट किती, इमर्जन्सी किती, रेसिडेंटला हातात केस कधी मिळते, स्टायपेंड (विद्यावेतन) किती. ऑर्थोचे दोन्ही वॉर्ड भरलेले दाखवले, ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं नवं सी-आर्म मशीन दाखवलं. सेकंड इयरचा एक रेसिडेंट म्हणाला, ‘सहा महिन्यांत नेलिंग स्वतः करायला लागाल.’ नेलिंग म्हणजे मोडलेल्या हाडात आतून सळी बसवणं. स्टायपेंड सरकारी कॉलेजइतकंच, दरमहा खात्यात. मुलगी असून ऑर्थो घेते म्हणून विभागप्रमुखांनी बाबांसमोर माझं कौतुकही केलं.

जॉइन झाल्यावर पाहिलं तर वॉर्डात निम्म्याहून जास्त कॉट रिकाम्या. गुडघेदुखीचं मोफत शिबिर म्हणून आसपासच्या गावांतून बसने माणसं आणायची, दोन दिवस दाखल करून घ्यायची आणि जेवू घालून परत पाठवायची, ही इथली रीत. तपासणी असली की हे होतंच, आणि काउन्सेलिंगच्या दिवसांतही होतं. आम्ही पाहिलेले पेशंट तेच होते. त्या माणसांचे गुडघे खरोखर दुखत असतात आणि उपचार कुणीच करत नाही, याचा मला जास्त राग येतो. हा प्रकार आमच्यापुरता नाही. 2025 मध्ये सीबीआयने मेडिकल कॉलेजांच्या तपासणीतल्या लाचखोरीचा गुन्हा नोंदवला, त्यातही खोटे पेशंट आणि कागदावरचे प्राध्यापक हेच आरोप आहेत.

पुण्याभोवती ट्रॉमाला तोटा नाही. चाकणला प्रेस मशीनखाली हात सापडलेले कामगार, एक्स्प्रेसवेवरचे अपघात, दुचाकीवरून पडून टिबिया (नडगीचं हाड) मोडलेली तरुण मुलं. पण आमच्याकडे रात्री भूलतज्ज्ञ नसतो आणि रक्तपेढी नाही. मग कॅज्युअल्टीत प्लास्टरचा स्लॅब बांधायचा आणि पेशंट ससूनला रेफर करायचा. दिवसा ठरलेल्या सर्जरी होतात, पण बाहेरून येणारे सर्जन स्वतःचा असिस्टंट घेऊन येतात. आम्ही पाय धरतो, जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर धरतो. त्यातही मुलींना बहुतेक वेळा ओपीडीत बसवतात. टिबियाच्या नेलचा (सळीचा) एंट्री पॉइंट जरा आतल्या बाजूला सरकला तर वरच्या भागातलं फ्रॅक्चर वाकडं बसतं. हे पुस्तकात वाचलेलं आहे, पण हाताला कळायला कुणीतरी शेजारी उभं राहून ते करू द्यावं लागतं. आणि लॉगबुकात (केलेल्या सर्जरींच्या नोंदवहीत) मात्र ‘देखरेखीखाली स्वतः केली’ असं लिहायला लावतात. उद्या मी एमएस ऑर्थो अशी पाटी लावणार आणि त्या लॉगबुकाच्या भरवशावर कुणाचा तरी पाय माझ्या हाती येणार, या विचाराने झोप उडते.

आता स्टायपेंड. जॉइनिंगच्याच दिवशी ठरावीक बँकेत खातं उघडायला लावलं. एटीएम कार्ड, पिन आणि सही केलेले कोरे चेक अकाउंट्समध्ये जमा. दरमहा पैसे येतात आणि तीन-चार दिवसांत काढले जातात. एनएमसीने (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने) 2023 मध्ये खासगी कॉलेजांतल्या पीजी विद्यार्थ्यांकडून माहिती मागवली होती. विचारात घेतलेल्या 7,901 जणांपैकी 2,110 जणांनी स्टायपेंड मिळतच नाही असं कळवलं, आणि 1,228 जणांनी दिलेलं स्टायपेंड कॉलेज परत घेतं असं सांगितलं. म्हणून कॉलेजमध्ये ‘स्टायपेंड मिळतं का?’ असं विचारू नका. ‘खातं कुठल्या बँकेत, आणि कार्ड कुणाकडे असतं?’ असं विचारा, तेही फर्स्ट इयरच्या रेसिडेंटला, कॉलेजच्या आवारापासून लांब, चहाच्या टपरीवर. ऑफिसने पुढे केलेल्या रेसिडेंटशी बोलून उपयोग नाही. आम्हाला नेलिंगचं सांगणाऱ्याने नंतर माझी माफी मागितली. त्याच्या थीसिसची सही अडकवून ठेवली होती.

दुसरं, कॅज्युअल्टीत रात्री अकरानंतर जा, न सांगता. नातेवाइकांच्या बाकावर तासभर बसलात तरी फ्रॅक्चरचे पेशंट आत जातात की अँब्युलन्सने पुढे जातात ते दिसतं. रात्री भूल कोण देतं ते नर्सना विचारा. ठरलेल्या सर्जरीची यादी कुणीही दाखवेल, इमर्जन्सी ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) रजिस्टर बघायला मागा. आणि गेल्या दोन वर्षांत पास झालेल्यांना फोन करा. त्यांची सही आता कुणाच्या हातात नसते, त्यामुळे ते खरं बोलतात.

हे सगळं चॉइस (कॉलेजांचा पसंतीक्रम) लॉक करण्याआधीच करा. एमसीसीच्या (मेडिकलच्या सीट वाटणाऱ्या केंद्रीय समितीच्या) नियमांनुसार पहिल्या फेरीतली सीट न घेता बाहेर पडलं तर डिपॉझिट जात नाही. दुसऱ्या फेरीत ते जप्त होतं, डीम्ड (अभिमत) विद्यापीठांसाठी ही रक्कम 2 लाख आहे. तिसऱ्या फेरीपासून जॉइन केलेली सीट सोडता येत नाही. मी तिसऱ्या फेरीत आले आहे.

इथे अडकलेल्यांसाठी एक सांगते. स्टेटमेंटवर स्टायपेंड जमा दिसतं, त्यामुळे कागदावर कॉलेज निर्दोष ठरतं. पण पैसे कुठल्या एटीएममधून, कधी काढले तेही त्यावर येतं. माझ्या खात्यातून पैसे निघाले त्या वेळी मी ओटीत होते, आणि तिथल्या रजिस्टरवर माझं नाव आहे. आम्ही काही रेसिडेंटनी आपापली स्टेटमेंटं आणि त्या पानांचे फोटो जोडून एनएमसीकडे तक्रार पाठवली आहे. तुमच्याकडे असं काही असेल तर तारखांसह जपून ठेवा.